भगोडानगर हे नाव कसं पडलं

हे लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळत आलो. कुणी विचारलं नाही म्हणून टाळलं असं म्हणायलाही सोय नाही. भगोडानगरच्या गणेश मंडळाची मुलं अधूनमधून घरी येतात. "काका, तुम्ही या लाइनीवर पहिल्यापासून कंडक्टर होता, आपल्या भागाबद्दल काहीतरी लिहून द्या," म्हणतात. मी गुडघेदुखी, मोतीबिंदू, नातवाची परीक्षा, जे हाताशी सापडेल ते कारण पुढे करतो. मुलं चहा पिऊन जातात.

यंदा मंडळाने दिवाळी अंक काढायचं ठरवलं आणि नगराच्या इतिहासाचा एक मसुदा माझ्याकडे तपासायला पाठवला. त्यात लिहिलं होतं की स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगातून निसटलेले भूमिगत वीर या माळावर लपून राहत. सरकार त्यांना भगोडे म्हणे. त्यांच्या स्मरणार्थ या भागाला भगोडानगर हे नाव मिळालं. पंधरा ऑगस्टला कमानीखाली शाळेतली पोरं असं भाषणही करतात म्हणे.

मसुदा मी दोनदा वाचला. मी पहिल्यांदा त्या माळावर गेलो तेव्हा तिथे घाणेरी आणि निवडुंगाशिवाय काही नव्हतं. लपायला नीट सावली नव्हती. वीरांना लपायचंच असतं तर भोवती एवढा ऊस सोडून ते त्या उघड्या माळावर कशाला आले असते? पण मुलांना हे सांगून भागणार नाही. मग खरं काय, असं विचारतील.

नाव पडलं असं आपण म्हणतो, जणू चिंचेवरून चिंच पडावी. नाव कुणीतरी ठेवलेलं असतं. हे नाव मी ठेवलं. ज्याच्यावरून ठेवलं तो माणूस त्याच माळावर राहत होता, आणि मरेपर्यंत रोज त्या नावाच्या पाटीखालून ये-जा करत होता.

आधी आमच्या धंद्याचं थोडं सांगतो, म्हणजे हे कसं घडू शकतं ते कळेल.

लोकांना वाटतं कंडक्टर म्हणजे तिकीट फाडणारा. तिकीट तर फाडायचंच, पण आमच्या वेळच्या त्या तिकिटावर गावाचं नाव नसे, टप्प्याचा आकडा असे. थांब्याचं नाव कंडक्टरच्या तोंडात असायचं. जुन्या भागाला पेठा असतात, देवळं असतात, नावं आयतीच मिळतात. शहर वाढून रानात शिरतं तिथे नाव कोण देणार? गाडीने एकदा थांबायला सुरुवात केली की काहीतरी ओरडावं लागतं. नाहीतर बाया-बापड्या पुढे जातात आणि मग आपल्यालाच शिव्या देतात. मग आम्ही जे दिसेल ते ओरडायचो. चिंचेखाली. पिठाची गिरणी. आक्काचा चहा.

सांगलीहून माधवनगरच्या वाटेवर एक म्हैस रोज सकाळी रस्त्याच्या मधोमध बसायची. हॉर्नला दाद द्यायची नाही. आमचे ड्रायव्हर हुसेनभाई गाडी रस्त्याखाली घालून तिला वळसा मारायचे. मी ओरडायला लागलो, "म्हशीचा वळसा!" म्हैस केव्हाच गेली. मालकाने जमीन विकली. आज तिथे दागिन्यांचं चकाचक दुकान आहे आणि त्यांच्या जाहिरातीत पत्ता असतो, म्हशीच्या वळशाजवळ. हे वाचून मी पूर्वी घरात सगळ्यांना दाखवायचो. बायको म्हणायची, "म्हशीचं भाग्य थोर."

नाव कंडक्टरच्या तोंडातून रिक्षावाल्याच्या तोंडात जातं, तिथून दुकानाच्या पाटीवर, तिथून शाळेच्या दाखल्यावर. बदलीवर नवा कंडक्टर आला की आम्ही त्याला सांगायचो, इथं हे म्हण, तिथं ते म्हण. एकदा पक्कं झालं की कलेक्टरच्या बापालाही ते पुसता येत नाही. मला याचा गर्व होता. प्रवाशांना हसवण्याचाही मला नाद होता. गाडीत उभं राहून दिवस काढायचा, तर चार लोकांनी आपल्या बोलण्यावर हसावं एवढीच काय ती करमणूक. एक म्हातारी पिशवीत कोंबडी घेऊन यायची आणि कोंबडीचं तिकीट काढायला नाही म्हणायची. मी म्हणायचो, "आजी, कोंबडीला मांडीवर घ्या, लेकरू म्हणून लिहितो." गाडी खदखदायची. असा माझा लौकिक होता. काही बायका मुद्दाम माझ्या फेरीची वाट बघायच्या.

गिरण्यांचे दिवस भरले तसे माधवनगरच्या पलीकडच्या त्या माळावर लोक अर्धा-अर्धा गुंठा घेऊन पत्र्याची घरं बांधायला लागले. गाडी तिथपर्यंत वाढवली. शेवटच्या थांब्याला नाव नव्हतं. रस्त्याला लागून एकच पक्कं घर, बिनगिलाव्याचं, दारात तुळस आणि पेरूचं झाड. ते श्रीपती निकम यांचं.

निकम पाटणकडचे. उंच, काटक, पाठ ताठ. अंगात फौजेचा हिरवा स्वेटर, कोपरावर विटलेला. एका यंत्रमागाच्या शेडवर रखवालदारी करायचे. गाडीत चढले की सुटे पैसे आधीच हातात, बोलणं नाही, खिडकीकडे तोंड. साताऱ्याकडचा माणूस आणि फौजेतून आलेला म्हटलं की आमच्या गाडीत त्याला जागा मिळायची, लोक पलटणीच्या गोष्टी विचारायचे. निकम कधी सांगायचे नाहीत.

एकदा गाडीत एक रिटायर हवालदार चढला. मिशा पिळलेल्या, आवाज भरदार. निकमांचा स्वेटर बघून तो सरकून शेजारी बसला.

"कंची पलटण, जवान?"

निकमांनी तोंड आणखी खिडकीकडे वळवलं.

"आरं, विचारतोय. कवा सुटलास? वय तर दिसत न्हाई पेन्शनीचं."

निकम उठले. माझ्याकडे न बघता त्यांनी स्वतःच घंटीची दोरी ओढली आणि घर अजून दूर असताना मध्येच उन्हात उतरले. हवालदार त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाला, "भगोडा असणार. पलटणीचं नाव काढलं की असंच त्वांड फिरवत्यात. लय बघितल्यात म्या." भगोडा म्हणजे पलटणीतून पळालेला. आमच्याकडे घराघरातून पोरं फौजेत जातात, शब्द सगळ्यांना ठाऊक. गाडी हसली. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी माळावर पोचली. निकम पेरूखाली उभे होते. गाडी कालच्याच लोकांनी भरलेली. मला वाटतं, तोंड उघडेपर्यंत मी काय म्हणणार हे मलाही ठाऊक नव्हतं.

"चला, भगोडा स्टॉप! भगोडावाले उतरून घ्या."

असं हसू मला पूर्वी कधी मिळालं नव्हतं. उतरणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावला. निकम खाली उभं राहून त्या उतरेपर्यंत थांबले, मग चढले आणि पैसे पुढे केले. मी चिमटा मारून तिकीट दिलं.

डेपोत आल्यावर हुसेनभाई हात पुसत म्हणाले, "मास्तर, म्हशीचं नाव ठेवलं ते ठीक. म्हस काय आईकत न्हवती. ह्यो माणूस आईकतोय."

"अहो, चार दिवसांत लोक विसरतील."

"तुमी विसरू दिलं तर," ते म्हणाले.

मी विसरू दिलं नाही. हसू मिळतं तिथे माणूस परत जातो. महिना-दोन महिन्यांत दुसरे कंडक्टरही तेच ओरडायला लागले. त्यांना निकम ठाऊकही नव्हते.

पुढे माळासाठी स्वतंत्र फेऱ्या सुरू करायचं ठरलं आणि गाडीच्या कपाळावर लावायची पत्र्याची पाटी रंगवायची वेळ आली. कंट्रोलर साहेबांनी मला बोलावलं. "शेवटच्या थांब्याचं नाव काय लिहायचं? काहीतरी बरं सांग." पेंटर ब्रश घेऊन उभा होता. त्या क्षणी मी काहीही सांगू शकलो असतो. पेरूचा माळ म्हणालो असतो तर आज ती पोरं पेरूबागेचा इतिहास लिहीत असती. पण नाव बदला म्हटलं असतं तर का असं विचारलं असतं, आणि मग मला सांगावं लागलं असतं की मी एका प्रवाशाची थट्टा केली.

मी म्हणालो, "लोक भगोडा म्हणतात, साहेब."

लोक म्हणजे मी होतो. पेंटरने पिवळ्यावर काळ्या अक्षरात लिहिलं. त्याचा हात चांगला होता. अक्षर लांबून वाचता यायचं.

निकमांनी ती पाटी पहिल्यांदा कधी वाचली मला माहीत नाही. त्यांच्या वागण्यात फरक पडला नाही. इतर लोक बिनधास्त "एक भगोडा द्या" म्हणून तिकीट मागायचे. ते "शेवटचा" म्हणायचे. मी त्यांच्या तोंडून ते नाव कधीच ऐकलं नाही.

मग एके दुपारी गाडी माळावर वळवून उभी होती. सुटायला वेळ होता. हुसेनभाई चाकाच्या सावलीत बसले होते, मी पायरीवर पैसे जुळवत होतो. निकम घराकडून गाडीकडे येता येता थांबले, झाडाला धरायला हात लांबवला आणि कोसळले. हातपाय झटकायला लागले, तोंडाला फेस. हुसेनभाई चप्पल काढून धावले, आमच्याकडे अशा वेळी चप्पल हुंगवतात. तोवर घरातून त्यांची बायको, इंदुवहिनी, धावत आल्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत.

"नगं, भाऊ, चप्पल नगं. डाक्टरनं सांगितलंय, कुशीवर वळवायचं फकस्त." त्यांनी सराईतपणे निकमांना कुशीवर केलं, डोक्याखाली पदर घातला आणि थांबल्या. थोड्या वेळाने अंग सैल पडलं. आम्ही दोघांनी उचलून त्यांना आत नेऊन खाटेवर ठेवलं.

बाहेर येऊन वहिनींनी आधी रस्त्याकडे बघितलं, कुणी आहे का. मग हात जोडले.

"कुणाला सांगू नका. पाया पडते. आमच्या लेकीचं, मंगलचं, लगीन व्हायचं हाय अजून."

"नाही सांगणार, वहिनी. पण हे कधीपासून?"

"पलटणीत असतानाच सुरू झालं. बरफात ड्युटीवर हुबं व्हतं, थितंच पडलं. लय दिस दवाखान्यात ठिवलं आन् मग पलटणीतनं सुटल्याचा चांगला कागद दिऊन घरी धाडलं. गावाकडं सगळी फौजेतली माणसं, कवा ना कवा कळलंच असतं. म्हणून हिकडं आलो. सांगलीत कोण वळखतंय."

मी विचारलं. अजून मला कळत नाही कसं विचारलं. "मग लोक ते... थांब्याला जे म्हणतात, ते?"

वहिनी म्हणाल्या, "म्हनू द्या. मी बी रडले पयल्यांदा. ह्यांनी सांगितलं, पळून आला म्हंत्यात त्ये परवडलं. ह्यो रोग म्हनाय लागले तर पोर जल्मभर घरात ऱ्हाईल."

म्हणजे त्या हवालदारापुढे ते का उठले ते कळलं. पलटणीचं नाव सांगितलं असतं तर त्याने कुणाला तरी विचारलं असतं आणि रोग उघडा पडला असता. आणि मी ठेवलेलं नाव ते का सोसत होते तेही कळलं. माणूस ज्या एका भिंतीआड लपला होता, तिच्यावरच मी काळं फासलं होतं, आणि भिंत जाऊ नये म्हणून तो ते पुसत नव्हता.

परतताना हुसेनभाई एवढंच म्हणाले, "आता तरी ते वराडणं बंद करा."

मी बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून "शेवटचा स्टॉप" म्हणायला लागलो. मागून कुणीतरी म्हणायचं, "मास्तर, भगोडा म्हणा की, आवाज बसला का?" एकदा मी "फौजीनगर" म्हणून बघितलं. कॉलेजची पोरं हसली, उतरणारी एक बाई घाबरली की गाडी दुसरीकडेच आली. पाटी तर कपाळावर होतीच. आम्हाला नाव ठेवता येतं, काढता येत नाही, हे मला तेव्हा समजलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी हे लिहिलं नसतं. थट्टा माणसाकडून होते. पुढचं थट्टेत बसत नाही.

मंगलला बघायला पाहुणे यायचे होते. साताऱ्यापलीकडच्या गावचं, पिढ्यान्‌पिढ्या फौजेतलं घर. मुलगाही फौजेत, सुट्टीवर आलेला. हे मला त्याच सकाळी कळलं, कारण निकमांनी मला आपणहून काही सांगितलेली ती पहिलीच वेळ. तिकीट घेताना म्हणाले, "मास्तर, दुपारच्या गाडीनं पाव्हणं येतील. नवी माणसं हायत. नीट उतरवा."

दुपारी सांगली स्टँडवर ते चढले. मुलाचा चुलता, पांढरा फेटा. दोन बायका, मांडीवर पिशव्या. मुलगा बारीक केसांचा, कडक इस्त्रीचा, सारखा घड्याळाशी चाळा करणारा. चुलत्यांनी विचारलं, "श्रीपती निकमांचं घर शेवटच्या स्टॉपवर म्हणून सांगितलंय. बरोबर का?"

मी "हो" म्हणेपर्यंत मागच्या बाकावरचा एक लूमवाला बोलला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, मदत करायला बोलला. "म्हंजे भगोडा की. पाटी वाचली न्हाई व्हय? त्येंच्याच नावाचा स्टॉप हाय त्यो."

मुलाने घड्याळ सोडलं. चुलत्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, तुमी रोजचं हिथलं. भगोडा म्हंजे? पलटणीतनं पळून आलेला?"

गाडी भरलेली होती. सगळे माझ्याकडे बघत होते, नेहमीसारखे, मी काहीतरी गमतीचं बोलेन म्हणून. रोगाचं सांगायची गरज नव्हती. वहिनींना दिलेला शब्द मोडायची गरज नव्हती. एवढंच म्हणायचं होतं की खोटं आहे, ते नाव मी थट्टेत ठेवलं, माणूस सरळ आहे. चार शब्द. पण ते भरल्या गाडीत म्हणायचे होते, ज्या गाडीत मी राजा होतो.

मी म्हणालो, "लोक म्हणतात तसं, पाहुणे. आम्ही काय, तिकीट फाडणारी माणसं."

चुलत्यांनी मान हलवली. म्हशीचा वळसा गेला. मग त्यांनी विचारलं, "माघारी जायला हीच गाडी का?"

"हीच."

"मग माघारीचं फाडा."

गाडी माळावर पोचली. निकम पेरूखाली उभे होते. अंगात कोट होता, त्या उन्हात. डोक्यावर धुतलेली टोपी. घराच्या दारात वहिनी, आणि त्यांच्या मागे हिरव्या साडीचा काठ. माळावरचे लोक उतरले. निकम गाडीच्या दाराशी आले आणि वाट बघत राहिले. मग खिडक्यांतून बघत गाडीच्या कडेने चालत गेले. पाहुणे दिसले तेव्हा त्यांनी हात जोडले. चुलते समोर बघत राहिले. मुलाने मान खाली घातली. एका बाईने पिशवीचं तोंड उगीचच बांधलं.

निकमांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. गाडीत काही बिघाड झालाय का असं विचारावं तसं.

मी दोरी ओढली. डबल बेल.

गाडी हलली नाही. हुसेनभाईंनी स्टिअरिंगवरून वळून मागे बघितलं. दोन घंट्या झाल्या की ड्रायव्हरने गाडी काढायची, हा आमच्या कामाचा पहिला नियम. त्यांनी तो इतक्या वर्षांत कधी मोडला नव्हता. ते माझ्याकडे बघत थांबले. मला उतरायला, बोलायला, दार उघडायला त्यांनी तेवढा वेळ दिला.

मी परत दोरी ओढली. मग त्यांनी गाडी काढली.

डेपोत पोचल्यावर त्यांनी चावी जमा केली आणि कंट्रोलर साहेबांकडे जाऊन आमची जोडी मोडून घेतली. कारण सांगितलं नाही. पुढे डेपोत भेटलो की सलाम व्हायचा, ख्यालीखुशाली व्हायची. दर ईदला त्यांच्या घरून येणारा डबा मात्र पुन्हा कधी आला नाही.

मंगलचं लग्न पुढे पुष्कळ दिवसांनी शिरवळकडे झालं. मुलगा तिथल्या एका कारखान्यात, बिजवर, पदरात एक मूल. ती तिथे सुखी आहे असं ऐकतो. ती सुखी आहे हे मी माझ्या बाजूने मांडू नये एवढं मला कळतं.

शहर वाढलं. महापुरांनी नदीकाठच्या पेठा धुऊन काढल्या तेव्हा या माळावर पाणी चढलं नाही, आणि मग ज्याला जमेल त्याने इथे फ्लॅट घेतला. भगोडा माळाचं भगोडानगर झालं. कमान उभी राहिली. एका बिल्डरने इंग्रजी शेपूट लावून त्याच नावाची इमारतही बांधली. निकमांच्या घराला गिलावा झाला. त्यांच्या दारावरच्या पत्त्यातही तेच नाव आलं, कारण आता दुसरं लिहिलं तर टपाल पोचलं नसतं.

मी रिटायर झाल्यावर एकदा ठरवून गेलो. गाडीत कंडक्टर नवा पोरगा, हातात तिकिटाचं मशीन. "कुठं, काका?" म्हणाला. माझ्या तोंडातून ते नाव निघेना. "शेवटचा," म्हणालो.

निकम थांब्याच्या बाकावर बसले होते. पाठ अजून ताठ. मला बघून सरकले.

"बसा, मास्तर. ह्या गाडीनं माघारी जायचं का? येळ हाय अजून सुटायला."

मी बसलो. पेरूचं झाड तोडलेलं होतं. आम्ही उसाच्या तोडीबद्दल बोललो, गुडघ्यांबद्दल बोललो. मध्ये ते थांबले आणि म्हणाले, "काय काम काढलं व्हतं?"

"काही नाही. असंच. फेरफटका."

"बरं केलंसा," ते म्हणाले. गाडी सुटायला लागली तेव्हा त्यांनीच मला हाताला धरून चढवलं आणि त्या पोराला म्हणाले, "संभाळून ने रं. आपलं जुनं मास्तर हायत." मी खिडकीतून बघितलं. ते परत बाकावर जाऊन बसले होते.

गेल्या वर्षी ते वारले. मी अंत्ययात्रेला गेलो आणि कमानीपाशी थांबलो. मंगल आलेली होती. तिचे केस पांढरे झालेले बघून मी माघारी फिरलो.

मंडळाचा मसुदा आल्यावर मी इंदुवहिनींकडे गेलो. त्यांच्या नवऱ्याच्या आजाराचं लिहायचं तर त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं बरोबर नव्हतं. घरात त्यांच्या पाठीमागे निकमांचा फोटो होता, फौजेच्या कपड्यातला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या कपड्यात बघितलं.

"लिवा की," वहिनी म्हणाल्या. "आता कुणाचं लगीन मोडणार हाय? लिवा, माणूस पळून आल्यालं न्हवतं. त्येंचा कागद हाय माझ्यापाशी, म्होरं मागं कुणी म्हणलं तर दाखवा."

"नावाचंही लिहितोय, वहिनी. ते नाव कसं..."

"त्येचं काय लिवायचं? लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार." त्यांनी चहा पुढे केला. "एक सांगते, भाऊ. तुमी आन् ते हुसेनभाई. त्या दिशी बघितलं तुमी समदं, पर कुठं बोलला न्हाई. हे मरेस्तवर म्हनायचे, मास्तर लय भला माणूस. तोंडाचा फाटका, पर भला. आपलं झाकून ठिवलं त्येनी."

कप माझ्या हातात होता. चहा गरम होता. मी तो सगळा प्यायलो, पाया पडून घेतो म्हटल्यावर त्या नको म्हणाल्या, आणि मी घरी आलो.

अंक निघाला की मंडळाची मुलं तो वहिनींच्या घरी नेऊन देतील आणि मंगलची मुलगी त्यांना वाचून दाखवेल. म्हणून जे बाकावर बसून म्हणायला गेलो होतो आणि परवा त्यांच्यापुढे बसूनही म्हणालो नाही, ते इथे लिहितो. श्रीपतराव, ते नाव मी ठेवलं होतं. पाहुणे गाडीत होते तेव्हा मी त्यांना उतरा म्हणायला हवं होतं. तुम्ही सकाळी तेवढंच सांगितलं होतं. चुकलं माझं.